ल्युकेमियात शरीरातला दाह केमोच्या आड येतो का?

अबोली_क

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझ्या धाकट्या भावाला एएमएल निघाला आहे, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. इंडक्शन (केमोचा पहिला टप्पा) झालं: सात दिवस सायटाराबिन, त्यातले तीन दिवस जोडीला डॉनोरुबिसिन. नंतरच्या बोन मॅरोच्या तपासणीत ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी, बरेच कमी झालेत, पण रेमिशन (रोग ओसरणं) आलेलं नाही. आता पुढची केमो कोणती द्यायची ते ठरतंय.

भरती केलं तेव्हाच त्याचं सीआरपी आणि फेरिटिन, म्हणजे रक्तातले दाहाचे आकडे, खूप वाढलेले होते. ताप होता, पण जंतू शोधायच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. परवा राउंडवर डॉक्टर म्हणाले, "याच्या अंगात पहिल्यापासून दाह फार आहे. अशांना केमो कधी कधी कमी लागू पडते." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले आणि मी तिथेच उभी राहिले.

घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी सुरू करा. दुसरा म्हणतो, दाह कमी करणाऱ्या कर्क्युमिनच्या गोळ्या द्या. दोघांचं एकाच वेळी कसं खरं असेल?

मला दोनच गोष्टी समजून घ्यायच्यात. दाहामुळे केमोचा परिणाम खरंच कमी होतो का? होत असेल, तर स्टिरॉइड देऊन तो आधी खाली का आणत नाहीत?

खिडकीपाशी

अबोली, पहिल्या इंडक्शनला रेमिशन आलं नाही म्हणजे सगळं संपलं असं मुळीच नाही. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या केमोनंतर आलं. माहितीचं इथले जाणकार सांगतीलच. तुम्ही स्वतः जेवताय ना वेळेवर?

सूक्ष्मदर्शी

रक्तविकार विभागात आहे, रोज मॅरोच्या काचा बघतो. भावाची फाइल समोर नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल न बोलता विषयाबद्दल लिहितो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रक्तात मोजतात ते सीआरपी यकृतात तयार होतं. आयएल-६ नावाचं सायटोकाइन (पेशींमधले निरोप नेणारं प्रथिन) वाढलं की यकृत ते सोडतं. संसर्गाने वाढतं, सूज आली की वाढतं, ल्युकेमियानेही वाढतं. फेरिटिन तर रक्त चढवल्यानेसुद्धा वाढतं. हे आकडे दाह आहे एवढंच सांगतात. तो कुठे आहे आणि कशामुळे आहे, ते त्यांच्यावरून कळत नाही.

दुसरा दाह मॅरोच्या आतला. तिथे ल्युकेमियाच्या पेशी आणि त्यांच्या आजूबाजूच्या पेशी मिळून आयएल-१, टीएनएफ, आयएल-६ असली रसायनं सोडत राहतात. निरोगी मूळपेशींना हे वातावरण सोसत नाही. त्यांना सारखं विभाजन करावं लागतं आणि त्या थकत जातात. ब्लास्टना मात्र तेच वातावरण मानवतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात रुग्णांच्या मॅरोतल्या पेशींना वेगवेगळी सायटोकाइन्स देऊन पाहिली होती. आयएल-१ मिळालं की बऱ्याच नमुन्यांत ल्युकेमियाच्या पेशी फोफावल्या आणि निरोगी पेशींची वाढ खुंटली.

आता केमोशी याचा संबंध काय? केमो पेशीच्या डीएनएची मोडतोड करते, आणि इतकी मोडतोड झालेली पेशी स्वतःच स्वतःला संपवते. तिने संपायचं की तगायचं, हे बीसीएल-२, एमसीएल-१ अशा पेशीला जगवणाऱ्या प्रथिनांवर ठरतं. टीएनएफ आणि आयएल-१ पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचा मार्ग चालू करतात, आयएल-६ स्टॅट-३ चा. दोन्ही मार्गांनी जगवणारी प्रथिनं वाढतात. औषध पेशीपर्यंत पोचतं, मोडतोडही होते, तरी पेशी मरत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, काही रुग्णांत दाहाचा आणि कमी प्रतिसादाचा संबंध दिसतो. २०२३ मध्ये लहान मुलं आणि प्रौढ अशा दोघांच्याही एएमएलच्या मॅरोतल्या एकेका पेशीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मॅरोत दाहाच्या खुणा जास्त होत्या त्या गटाचे निकाल कमी चांगले होते. तिथे बी-पेशींचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारपेशी) एक नीट काम न करणारा प्रकार वाढलेला होता, आणि रोगट पेशी मारणाऱ्या टी-पेशींना लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशीही. त्या संशोधकांनी जनुकांवरून दाहाचा एक गुणांकही तयार केला.

स्टिरॉइडचं उद्या लिहितो, ड्युटी आहे.

चौकट

मला हा सूर पटत नाही. दाह म्हणजे शरीराचा लढा. तो दाबायचा आणि मग रोग बरा व्हायची वाट बघायची? विल्यम कोली या न्यूयॉर्कच्या सर्जनने १८९० च्या दशकात रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून ताप आणला आणि काहींच्या गाठी विरघळल्या. जोरदार संसर्गानंतर ल्युकेमिया काही काळ ओसरल्याच्या नोंदीही जुन्या वैद्यकीय लेखांत आहेत. तापाला शत्रू मानणं ही घाई आहे.

अबोली_क

चौकट, त्याचे न्यूट्रोफिल, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ शून्य आहेत. तो ताप मी रात्रभर शेजारी बसून पाहिलाय. त्याला लढा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तळटीप

इम्युनॉलॉजीत पीएचडी करते आहे, म्हणून मध्ये पडते.

चौकट, कोलीचं उदाहरण चुकीचं नाही. कर्करोगावर प्रतिकारशक्ती वापरता येते ही कल्पना त्याच्यापाशी जाते, आणि आज इम्युनोथेरपी आहे ती त्याच वाटेवर. पण अबोलीताईंच्या भावाला जो ताप आहे तो न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली असतानाचा. तिथे ताप म्हणजे रक्तात जंतू शिरले असण्याची शक्यता, आणि तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. कोलीचा ताप आणि हा ताप एका मापाने मोजू नका.

दुसरं, दाह आहे म्हणजे लढाई जोरात चालू आहे, असंही नसतं. मॅरो टी-पेशींनी भरलेला असतो आणि तरी त्या काही करत नसतात. दारात पहारेकरी उभे आहेत पण हात बांधलेले, तसं. गंमत म्हणजे हे हात बांधायला इंटरफेरॉन गॅमाच मदत करतो, जो खरा लढ्याचा संदेश. तो फार काळ वाजत राहिला की ल्युकेमियाच्या पेशी पीडी-एल१ आणि आयडीओ-१ ही टी-पेशींना रोखणारी प्रथिनं वाढवतात आणि टी-पेशी थकतात.

या धाग्यात कुणीतरी सांगायलाच हवं असं एक काम आहे. २०२० मध्ये एएमएलच्या मॅरोंची जनुकं पाहून त्यांचे ढोबळ दोन गट केले गेले: प्रतिकारपेशींनी भरलेले आणि रिकामे. इंटरफेरॉन गॅमाच्या खुणा असलेल्या भरलेल्या गटात सायटाराबिनवर आधारलेल्या केमोला दाद न देणारे जास्त निघाले. पण त्याच खुणा असलेल्यांपैकी काहींना, केमो हरल्यावर, फ्लोटेटुझुमॅब नावाचं औषध लागू पडलं. हे दोन तोंडांचं प्रतिपिंड आहे. एक तोंड ल्युकेमियाच्या पेशीवरच्या सीडी-१२३ ला धरतं, दुसरं टी-पेशीला. टी-पेशी आधीच तिथे हजर असतील तर त्याचं काम सोपं होतं.

म्हणजे केमोसाठी वाईट असलेली खूणच दुसऱ्या प्रकारच्या औषधासाठी चांगली ठरली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. दाह चांगला की वाईट, असा प्रश्नच विचारू नये. कुठल्या औषधासाठी, उपचाराच्या कुठल्या टप्प्यावर, आणि कुठला दाह, असं विचारावं.

वेडा_वाचक

वाचनखूण साठवली आहे. इंटरल्युकिनांची, म्हणजे या आयएलांची, नावं ठेवणाऱ्याने आकड्यांऐवजी जरा बरी नावं ठेवली असती तर आम्हा सामान्यांवर उपकार झाले असते. आयएल-१ ने ब्लास्ट वाढतात आणि आयएल-६ ने सीआरपी, एवढं पाठ केलंय.

गवतफुला

माझ्या मुलाला एएलएल (लिम्फॉइड पेशींचा ल्युकेमिया) होता, आता उपचार संपलेत. तिथे तर सुरुवातच स्टिरॉइडने झाली. पहिला आठवडा प्रेडनिसोलोन आणि पाठीच्या मणक्यातलं एक इंजेक्शन, मग आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट मोजले. हजाराच्या खाली आले तर चांगला प्रतिसाद, असं सांगितलं होतं. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत आम्ही दोघं जिन्यातच बसून होतो.

मग अबोलीताईंच्या भावाला ते का देत नाहीत? ल्युकेमिया तर दोन्ही.

सूक्ष्मदर्शी

गवतफुला, चांगला प्रश्न, आणि इथे बऱ्याच घरांत गोंधळ होतो. एएलएलमध्ये स्टिरॉइड दाह कमी करायला देत नाहीत. लिम्फॉइड पेशींना ते थेट मारतं, तिथे तीच केमो आहे. मायलॉइड पेशींवर त्याचा असा मारा चालत नाही. म्हणून एएमएलच्या नेहमीच्या इंडक्शनमध्ये ते नाही.

शिवाय ज्याचे न्यूट्रोफिल गेलेत त्याला सरसकट स्टिरॉइड दिलं तर ताप झाकला जातो आणि बुरशीचा संसर्ग वाढतो. अबोलीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे.

उरलेलं निम्मं असं की काही ठिकाणी देतातही. निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर असतील तर त्या फुप्फुसात, मेंदूत साचतात आणि तिथे जोराचा दाह होतो. फ्रान्समधल्या एका गटाने २०१८ मध्ये अशा रुग्णांची जुनी माहिती तपासली. केमोसोबत थोडे दिवस डेक्सामेथासोन मिळालेल्यांचे निकाल चांगले होते. हा मागे वळून केलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नाही. म्हणून काही केंद्रं वापरतात, काही नाही.

तळटीप

स्टिरॉइडवरून आठवलं. गवतफुला, आठव्या दिवशी काही मुलांचे ब्लास्ट कमी होत नाहीत, त्यामागेही एका गटात दाहाचीच यंत्रणा सापडली आहे. पेशीत इन्फ्लमासोम नावाची एक जुळणी असते, एनएलआरपी-३ हा तिचा भाग. ती चालू झाली की कॅस्पेज-१ हे कातरणारं विकर कामाला लागतं. २०१५ मध्ये असं दिसलं की स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या एएलएलच्या पेशींत ही दोन्ही वाढलेली होती, आणि कॅस्पेज-१ चक्क स्टिरॉइडचा रिसेप्टरच कापत होतं. औषध पेशीत शिरतं, पण त्याला धरायला रिसेप्टर शाबूत नाही! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. दाह कमी करणारं औषध दाहाच्याच कात्रीने निकामी होतं.

गवतफुला

हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर! आम्हाला वाटायचं गोळ्या उलटून पडल्या म्हणून असेल.

अजून एक. त्याच्या उपचारात अॅस्पॅराजिनेज हे केमोचं औषध होतं. मध्येच रक्तात त्याची पातळी तपासली आणि म्हणाले, शरीराने याच्याविरुद्ध अँटिबॉडी केल्या आहेत, औषध वाया जातंय. ना पुरळ, ना ताप. मग दुसऱ्या जंतूपासून केलेलं, अर्विनिया नावाचं दिलं. हेही याच विषयात बसतं का?

तळटीप

अगदी बसतं. मूळ अॅस्पॅराजिनेज ई. कोलाय जिवाणूचं, म्हणजे शरीराला परकं प्रथिन. बाहेरून काहीच न दिसता ते निकामी होतं, त्याला मूक निष्क्रियता म्हणतात. पातळी ०.१ युनिट प्रति मिली च्या वर राहते का, ते बघतात. तुमच्या डॉक्टरांनी ती तपासली, हे फार चांगलं झालं. प्रतिकारशक्ती उपचाराच्या आड येते याचं इतकं सरळ, मोजता येणारं उदाहरण दुसरं नाही.

उत्तररात्र

सगळं वाचलं. एक रोखठोक प्रश्न. यातलं उद्या सकाळी वॉर्डात काय वापरता येईल? मी स्वतः एएमएलमधून गेलोय. माझ्या जोखमीचा गट जनुकांवरून ठरवला होता. दाहाचा गुणांक वगैरे कुणी काढला नाही. प्रयोगशाळेतलं ज्ञान घेऊन नातेवाइकांनी डॉक्टरांना भंडावून सोडावं, असं मला वाटत नाही.

सूक्ष्मदर्शी

उत्तररात्र, पूर्ण सहमत. ईएलएन (युरोपियन ल्युकेमियानेट) २०२२ ची जोखमीची वर्गवारी जनुकांवरच उभी आहे. त्यात दाहाला जागा नाही, आणि तो गुणांक रोजच्या तपासणीत येत नाही. सीआरपी बघून कुणी केमो बदलत नाही, बदलूही नये.

पण 'काहीच वापरात नाही' असंही म्हणणार नाही. डिफरन्शिएशन सिंड्रोम घ्या. काही औषधं ब्लास्टना मारत नाहीत, त्यांना मोठं व्हायला लावतात: एपीएल या एएमएलच्या उपप्रकारात एट्रा आणि आर्सेनिक, आयडीएच जनुकात बदल असलेल्या एएमएलमध्ये आयव्होसिडेनिब, एनासिडेनिब, आणि अलीकडे मेनिन हे प्रथिन रोखणारी औषधं. मोठ्या होणाऱ्या पेशी सायटोकाइन्स सोडतात, फुप्फुसात जाऊन बसतात. इथे दाह ओळखून वेळेत दाबणं म्हणजे जीव वाचवणं. दहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, दर बारा तासांनी. नुसती शंका आली तरी सुरू करतात, खात्रीची वाट बघत नाहीत.

पाऊलखुणा_

हे माझ्यावर आलं होतं. एपीएल. एट्रा आणि आर्सेनिक चालू होतं. सगळे म्हणत होते, हा ल्युकेमिया सर्वात बरा होणारा, आणि ते खरंही आहे. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये एट्राचे पहिले निकाल छापले तेव्हापासून या आजाराचं चित्रच पालटलं.

दुसऱ्या आठवड्यात मोज्याचा रबर घोट्यावर खोल रुतायला लागला. मला वाटलं सलाइनचं पाणी साचलं असेल. वजन रोज चढत होतं, भूक मात्र नव्हती. मग एका रात्री आडवं होता येईना. उशा लावून बसले तरी श्वास अर्ध्यावर अडायचा. ड्युटीवरच्या नर्सने वजनाचा तक्ता पाहिला, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि डॉक्टरांना फोन लावताना माझा हात सोडला नाही. डेक्सामेथासोन त्याच रात्री सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी एका उशीवर झोपू शकले.

जे कुणी ही औषधं घेत असतील त्यांना हात जोडून सांगते: वजन, पायाची सूज, धाप आणि ताप, यातलं काहीही 'उद्या सांगू' म्हणून ठेवू नका. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंनी ठेवलं होतं.

वेडा_वाचक

पाऊलखुणा, तुम्ही बऱ्या आहात हे वाचून फार फार बरं वाटलं.

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. एमिली व्हाइटहेडची गोष्ट इथे कुणी कशी लिहिली नाही? एएलएल दोनदा उलटलेली सहा वर्षांची मुलगी. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाला तिच्याच टी-पेशी बदलून तिला परत दिल्या, म्हणजे कार-टी. हा उपचार घेणारं ते पहिलं मूल. आणि काही दिवसांत ती मरणाच्या दारात: प्रचंड ताप, रक्तदाब घसरलेला, व्हेंटिलेटर. तपासलं तर आयएल-६ आकाशाला भिडलेलं. कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणचा संधिवात होता, म्हणून आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि काही तासांत ती सावरायला लागली. सातव्या वाढदिवसाला शुद्धीवर आली. ल्युकेमिया गेला, तो परत आलेला नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत त्या कार-टीला मान्यता मिळाली, त्याच दिवशी या दुष्परिणामासाठी टोसिलिझुमॅबलाही. औषध आणि त्याचा उतारा जोडीने.

चौकट

बघा, इथे दाह म्हणजे औषध काम करत असल्याचीच खूण होती! मी तेच म्हणत होतो. आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं काय? दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर थोड्या उठल्या तर ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण कमी होतं, हे १९७९ पासून माहीत आहे. प्रतिकारशक्ती दाबत गेलो तर तोही फायदा जातो.

तळटीप

ट्रान्सप्लांटबद्दल तुमच्याशी सहमत आहे. ग्राफ्टचा, म्हणजे दात्याच्या पेशींचा, ल्युकेमियावरचा हल्ला ही आपल्याकडची सगळ्यात जुनी, कसोटीला उतरलेली इम्युनोथेरपी. पण त्याच पेशी त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उठल्या तर माणूस त्यानेच जातो. म्हणून डॉक्टर त्यांना दाबतातही आणि सोडतातही, रक्तपेशींचे काउंट आणि एमआरडी (उरलेला सूक्ष्म रोग) बघत.

यातली एक बाजू मला फार आशेची वाटते. ट्रान्सप्लांटनंतर एएमएल परतला तर जवळपास निम्म्या रुग्णांत ल्युकेमियाच्या पेशींनी एचएलए वर्ग २ ही आपली ओळखपाटी उतरवलेली असते. दात्याच्या टी-पेशींना त्या दिसतच नाहीत. प्रयोगशाळेत अशा पेशींना इंटरफेरॉन गॅमा दिला की पाटी परत वर येते. केमोच्या वेळी ज्याच्या खुणा धोक्याच्या, तोच इंटरफेरॉन इथे कामाला येऊ शकतो. यावर रुग्णांमध्ये चाचण्या सुरू झाल्या आहेत.

आणि कार-टीमध्येही 'जितका दाह तितका गुण' असं गणित नाही, चौकट. शरीरात ल्युकेमियाचं ओझं जितकं जास्त, तितकं सायटोकाइनचं वादळ मोठं. म्हणून ओझं आधी कमी करून घेतात. टी-पेशींना ल्युकेमियाशी जोडणाऱ्या ब्लिनाट्युमोमॅबच्या आधी डेक्सामेथासोन देतात तेही याचसाठी, आणि तरीही ते औषध काम करतंच.

चौकट

हं. म्हणजे दाबायचा, पण विझवायचा नाही. हे मान्य. सरसकट सूज-उतार गोळ्यांना माझा विरोध कायम.

मात्रा

हॉस्पिटल फार्मसीत आहे. गोळ्यांचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं.

अबोली, कर्क्युमिनच्या गोळ्या कृपा करून नको. त्या प्लेटलेटच्या कामात ढवळाढवळ करू शकतात, आणि अशा सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भावाच्या प्लेटलेट आधीच तळाला असतील. आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन तर बिलकूल नाही. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींत काय असतं ते लेबलवर पूर्ण लिहिलेलं नसतं. पॅरासिटामोलसुद्धा न विचारता देऊ नका, ताप झाकला गेला तर अँटिबायोटिकला उशीर होतो.

आता एक गोष्ट जी फार्मसीबाहेर फारशी बोलली जात नाही. दाह औषधांच्या पचनावरही परिणाम करतो. आयएल-६ वाढलं की यकृतातली औषधं मोडणारी विकरं, खासकरून सीवायपी-३ए४, मंदावतात. व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचं आम्ही रक्तात प्रमाण मोजतो. सीआरपी चढलेलं असताना त्याच डोसला पातळी वर जाते, दाह उतरला की खाली येते. दोन्ही वेळा डोस बदलावा लागू शकतो.

शिवाय ही बुरशीवरची औषधं स्वतःच तेच विकर अडवतात. भावाला पुढे व्हेनेटोक्लॅक्स हे ल्युकेमियावरचं औषध द्यायचं ठरलं तर एएमएलमध्ये त्याचा नेहमीचा डोस रोज ४०० मिलिग्रॅम. बुरशीवरचं पोसाकोनॅझोल सोबत असेल तर तो ७० वर आणतात, ते विकर तसंच जोरात अडवणाऱ्या दुसऱ्या औषधासोबत १००. कमी गोळ्या दिल्या म्हणून घाबरलेले नातेवाईक मी पाहिलेत. डोस कमी दिसला तरी रक्तातलं औषध कमी नसतं. उलट पोसाकोनॅझोल बंद झालं की डोस परत वाढवायचा असतो, तेवढं मात्र आठवणीने विचारा. ग्रेपफ्रूट टाळा, तेही याच कारणाने.

खिडकीपाशी

मात्रा, हे प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. आमच्या वेळी डोस अचानक कमी झाला तेव्हा मी रात्रभर रडले होते. एका वाक्यात कुणी सांगितलं असतं तर पुरलं असतं.

अबोली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्यांचं पाकीट घरी कपाटात ठेवून दिलं आणि वादही मिटला.

आज डॉक्टरांना नीट वेळ मागून भेटले. सीटीत फुप्फुसात बुरशीचा एक ठिपका दिसलाय, म्हणजे तापाचं एक कारण तरी सापडलं. त्याचं औषध सुरू झालं. ब्लास्टचा प्रकार मोनोसाइटकडे झुकणारा आहे असं म्हणाले. एफएलटी-३ या जनुकाचा रिपोर्ट यायचाय. सूक्ष्मदर्शी, मोनोसाइटकडे झुकणारा याचा दाहाशी काही संबंध?

आणि एक विचारते, मूर्खपणाचं वाटलं तरी. निदानाआधी महिनाभर तो फार ताणात होता, झोप नव्हती. त्याच्यामुळे हा दाह झाला का? आई रोज हेच विचारते.

सूक्ष्मदर्शी

आईंना सांगा, नाही. मॅरोतला जो दाह आपण इथे बोलतोय तो ल्युकेमियाच्या पेशींनी स्वतः उभा केलेला असतो, त्यांच्या जनुकांतल्या बदलांतून. तो त्याच्या जागरणातून आला नाही, तुमच्या कुणाच्या काळजीत कमी पडण्यातून तर नाहीच. हे त्यांना रोज सांगावं लागलं तरी रोज सांगा.

मोनोसाइटबद्दल: हो, संबंध आहे. मोनोसाइट हीच मुळात दाहाची रसायनं बनवणारी पेशी. तिच्या वळणाच्या ब्लास्टही ती बनवतात, आणि बीसीएल-२ ऐवजी एमसीएल-१ वर जास्त टेकून असतात. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ अडवतं, त्यामुळे या प्रकारात ते एकट्याने कमी पडू शकतं, असं २०२० पासूनच्या कामांतून दिसलंय. डॉक्टर तो प्रकार बघूनच ठरवतील. एफएलटी-३ बदल निघाला तर त्यावर वेगळी औषधं आहेत. आणि रेमिशन आलं की ट्रान्सप्लांटचा विषय लवकर निघेल, तेव्हा त्याच्या भावंडांचं एचएलए आत्ताच तपासून ठेवतात का, एवढं विचारा. तुम्ही सख्ख्या बहीण, म्हणजे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

तुमच्या मूळ प्रश्नावर: डॉक्टर म्हणाले ते एका गटाबद्दल खरं आहे. तुमच्या भावाबद्दलचं उत्तर पुढचा मॅरो देईल, सीआरपी देणार नाही. बुरशीवर औषध लागू पडलं तर सीआरपी उतरेल. ते उतरलं म्हणून ल्युकेमिया उतरला असं समजू नका, आणि केमोच्या काळात पुन्हा चढलं तरी केमो हरली असं धरू नका.

उत्तररात्र

अबोली, मला वाटलं होतं की नातेवाईक डॉक्टरांना भंडावतील. तुम्ही विचारलेले प्रश्न वाचून सांगतो, असेच विचारा. माझ्या बहिणीचं एचएलए उशिरा तपासलं गेलं आणि त्यात आठवडे गेले.

अबोली_क

एचएलएसाठी उद्या सकाळी माझं रक्त घेणार आहेत. मात्रा, उपाशीपोटी जायचं असतं का?

मात्रा

नाही. जेवून जा, पाणी भरपूर प्या. आणि बुरशीवरचं औषध कोणतं सुरू केलंय त्याचं नाव इथे टाका, पुढच्या केमोच्या औषधांशी काय पडताळून घ्यायला सांगायचं ते बघते.